अकरा महिने कोणी नव्हतं

सुमनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. सुमन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. ती मला सणावारालाच फोन करायची आणि तो दिवस कुठल्याच सणाचा नव्हता, म्हणून फोनवर तिचं नाव दिसलं तशी हातातली जुडी मी खाली ठेवली. "अक्का, गेले ते," एवढंच ती म्हणाली. कोण, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "कधी?" "आत्ताच. चहा देल्ला होता... कप तसाच हाय." फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही. याला आता दीड महिना होत आला. दिगंबर, आमचा दिगू, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्या क्षणी एकदम रडू कोसळलं असतं तर आज हे लिहायला सोपं गेलं असतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता तो कधीच सांगणार नाही. राहिलंच ते. मग भाऊ गेल्याच्या क्षणी असलं काही सुचावं याची लाज वाटली आणि त्या लाजेनं रडू आलं...

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्याच्या बाजारहत्नूर मंडलातलं. घरची थोडी जमीन, तिच्यात एक विहीर आणि विहिरीभोवती दिगूचा भाजीपाला. आजूबाजूचे सगळे कापूस लावायचे, हा मात्र वांगी, मिरची, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. "कापूस वर्सातून एकडाव बोलते, भाजी रोज बोलते," असं म्हणायचा. आठवड्यातून एकदा माल घेऊन उटनूरच्या संतेत, म्हणजे आठवडी बाजारात बसायचा. तिथं गोंड बायांशी गोंडीत, दुकानदारांशी तेलुगूत आणि फॉरेस्टच्या माणसांशी हिंदीत बोलायचा, आणि तिन्ही भाषा चुकीच्या बोलून सगळ्यांना हसवायचा. संध्याकाळी मृदंग. मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळात तो बारा वर्षांचा असल्यापासून वाजवत होता, कोणी शिकवलं नव्हतं. देवाविषयी मात्र तो कधी काही बोलायचा नाही. विहिरीत पाणी आहे की नाही हे आपण रोज वाकून पाहत नाही ना, तसं त्याचं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, तो टेम्पोत मागं वांग्याच्या पोत्यांवर बसून उटनूरला निघाला होता. वळणावर अचानक एक गोऱ्हा आडवा आला. त्याला वाचवायला गेलेला टेम्पो रस्ता सोडून उलटला. चालवणाऱ्याचा हात मोडला, गोऱ्ह्याला काही झालं नाही, आणि दिगू पोत्यांच्या खाली सापडला. मी तेव्हा आदिलाबादेत मराठी शाळेत शिकवत होते, सहावीचा वर्ग चालू होता. निरोप आला तशी खडू हातात घेऊनच दवाखान्यात पोचले. तिथून नागपूर. ऑपरेशन झालं. कंबरेतला मणका पिचला होता. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. "जीव वाचला, पायांचं आज सांगता येत नाही," म्हणाले.

आता याला न्यायचं कुठं, हा प्रश्न होता. गावात डॉक्टर नाही. घरी आमचे आबा, त्यांना दिसत नव्हतं. दोन पोरी शाळेत, दोन म्हशी, आणि पाणी दिलं नाही तर चार दिवसांत वाळेल असा भाजीपाला. सुमन दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती, "मी येते अक्का, मी राह्यते यायच्याजवळ." मीच तिला म्हटलं, "तू घर पाह्य. याले मी पाहीन." माझे यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी मंजू लग्न होऊन किनवटला गेली होती, दोन खोल्यांचं घर रिकामंच होतं. शाळेतून रजा घेतली आणि पुढच्या खोलीत दिगूची खाट टाकली.

पुढचे अकरा महिने कसे गेले हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठ सोलून निघायची. लघवीची नळी, तिची पिशवी. दोन्ही पाय एक एक करून गुडघ्यात दुमडायचे, सरळ करायचे, घोटा फिरवायचा, बोटं हलवायची. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, त्या पायांना काही कळत नसतानाही. पहिल्यांदा त्याला धुवायची वेळ आली तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "अक्का, तू नको. कोणी माणूस पाह्य." मी म्हटलं, "तुले लहानपणी मीच धुतलं." "तवा लहान होतो ना," म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करूनच रडत राहिला. मी ऐकू न आल्यासारखं दाखवून हात चालवत राहिले. त्याच हिवाळ्यात मंजूचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण आईकडं, ही रीत. मी तिला सांगितलं, "बाई, सासरीच कर, मामाले टाकून मले येता येत नाई." किनवट किती दूर? बसनं गेलं तर दुपारपर्यंत जाऊन येता येतं. पण दिगूला दोन तासांच्या वर एकटं ठेवता येत नव्हतं. मंजू समजून घेते म्हणाली. ते तिनं अजून विसरलेलं नाही, आणि तिनं विसरावं असं मी म्हणूही शकत नाही.

पायांपेक्षा अवघड दुसरंच होतं. खाटेसमोरच्या भिंतीवर देवाची तसबीर होती. चौथ्या-पाचव्या दिवशी तो म्हणाला, "थो फोटो काढ तिथून. पाहून राह्यला माह्याकडं." मी काढला. गावची भजनी मंडळी भेटायला आली, त्याचा मृदंग घेऊन आली, त्याला बरं वाटेल म्हणून. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "घेऊन जा. थ्या गोऱ्ह्याले वाचवलं त्यानं, मले न्हाई वाचवलं. बस झालं आपलं." मंडळी चहा न घेताच गेली. त्याला काय सांगावं मला कळत नव्हतं, कारण यजमान गेल्यापासून मी स्वतःच दिवा लावणं सोडलं होतं. पण दिगूचं देवावाचून भागणार नाही, हे दिसत होतं. तो जेवेना, पाय हलवायला लागले की "कायले करून राह्यली" म्हणायचा, दिवसभर छताकडं पाहत राहायचा. माझं मन कुठंही असो, त्याचं जागेवर आलं पाहिजे, एवढं मी धरलं. मी दिवा लावू लागले आणि रोज संध्याकाळी खाटेशेजारी बसून भजन म्हणू लागले.

मला ताल अजिबात कळत नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मुलं पुढं आणि मी मागं. मी म्हणायचे, तो डोळे मिटून पडायचा, दात आवळायचा. आठ-दहा दिवस झाले. एका संध्याकाळी तो एकदम ओरडला, "चूप बस! किती चुकून राह्यली तू!" मी म्हटलं, "मग सांग ना कसं ते." त्यानं मान फिरवली. मी पुन्हा तसंच म्हणायला लागले. मग त्याचा उजवा हात उठला आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर दोन बोटं आपटली. "इथं. इथं ये. अक्का, मुरदाडावानी नको म्हणू, इथं सम हाय." मी चुकले, तो चिडला, पुन्हा आपटलं. त्या संध्याकाळी आम्ही एकच भजन वीस-पंचवीस वेळा म्हटलं असेल. शेवटी मी एकदा बरोबर आले असावे, कारण तो हसला. खाटेवर आल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "फोटो लाव तिथं परत." मी लावला. त्यानं हात जोडले नाहीत, नुसतं पाहिलं. पण त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

पाचव्या महिन्यात डाव्या अंगठ्यात मुंगी चावल्यासारखं झालं म्हणाला. मग घोटा. मग गुडघा. आठव्या महिन्यात बसला, दहाव्यात उभा राहिला, अकराव्यात चार पायांच्या लोखंडी आधारावर अंगणापर्यंत गेला. याच मधल्या काळात गावाकडच्या एका ओळखीच्या माणसानं एका महाराजांचा अंगारा आणून दिला. महाराजांचं नाव इथं लिहीत नाही, कारण माझं भांडण त्यांच्याशी नाही. मी अंगारा दिगूच्या कपाळाला लावला. लावताना मनापासून लावला, हे खोटं नाही. मग तो गावी गेला, काठीवर चालत. बसमध्ये चढताना मागं वळून म्हणाला, "अक्का, येतो." मी मान हलवली. शाळेची रजा संपली होती, मला दुसऱ्या दिवशी वर्गावर जायचं होतं.

दीड वर्षानं गावात त्या महाराजांचा सप्ताह बसला. दिगूचा फोन, "अक्का, येच. मले बोलाचं हाय तिथं." मी नवं लुगडं नेसून गेले. आमच्या गावात इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मी बायकांच्या बाजूला, पुढून तिसऱ्या रांगेत बसले. दिगू काठी टेकत वर गेला, माइक धरला. त्याचा आवाज चांगला लागला होता, माझं मन भरून आलं. तो म्हणाला, "मायबापहो, कंबरेखाली जीव नव्हता माह्या. अकरा महिने खाटंवर होतो. त्या अकरा महिन्यात माह्याजवळ कोणी नव्हतं. घरच्यानं सोडलं, डॉक्टरनं सोडलं. एक अंगारा आला महाराजाचा, आन आज तुमच्यासमोर उभा हाय." लोकांनी जयजयकार केला. माझ्या शेजारी आमच्याच आळीतली एक म्हातारी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मला वाटलं, चुकून बोलला असेल, आता पुढं सांगेल... तो पुढं महाराजांविषयी बोलत राहिला. मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

जेवणाच्या पंगतीआधी मी त्याला गाठलं. "दिगू, काऊन असं बोल्ला?" तो गोंधळला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, "अक्का, तिथं तसं बोलावं लागते. लोकायले देवाचं आयकाचं असते, घरचं कोण आयकते? आन तू तं आपलीच हायेस. तुले काय सांगाचं." वरून म्हणाला, "जेवून जाय." मी जेवले नाही. पायीच फाट्यावर आले आणि मिळेल त्या गाडीनं आदिलाबादला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण दिगूला गावोगाव बोलावू लागले. त्याचं बोलणं मोबाइलवर फिरू लागलं, माझ्या मोबाइलवरही आलं, मंजूच्याही. एकदा शाळेत पालकांची सभा होती. एक आई, साधीभोळी बाई, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "टीचर, ते महाराजाचे दिगंबरभाऊ तुमचेच भाऊ ना? मंग तुमी त्यायले कशाले सोडून देल्लं होतं?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी उत्तर दिलं, काय ते आठवत नाही. त्या वर्षी मी त्याला राखी पाठवली नाही. भाऊबीजेला गेले नाही. त्यानं दोनदा फोन केला, मी उचलला नाही. मग त्यानंही सोडून दिलं. अशी सहा वर्षं गेली. त्या वर्षांत मी पुन्हा दिवा लावणं बंद केलं. दिगूसाठी लावलेला दिवा होता, दिगूनंच विझवला, असं मी स्वतःला सांगत असे.

गेल्या थंडीत तो आपण होऊन आला. एकटा, काठी घेऊन, बसनं. चेहरा सुजलेला होता, किडनीचं दुखणं सुरू झालं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला. मी चहा केला. बराच वेळ पोरींची लग्नं, विहिरीचं पाणी, असं इकडचं तिकडचं झालं. मग मीच म्हटलं, "दिगू, एकदा तरी खरं सांग लोकायले." तो कपाकडं पाहत राहिला. "आता कसं सांगू अक्का? किती लोक येतात माह्याकडं. पाय गेलेले, लेकरं आजारी असलेले. माह्या बोलण्यावर धीर धरून हायेत ते. आता म्हनलं का माही बहीण होती, तं ते म्हंतीन आमाले कुठं हाय अशी बहीण. उमेद जाईन त्यायची." मी म्हटलं, "मी होते असं सांगितलं तर तुझा देव लहान होते काय?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला बोलायचं होतं असं मला वाटलं, अजूनही वाटतं. पण तो उठला, काठी घेतली आणि म्हणाला, "बसची वेळ झाली." मी दारापर्यंत गेले, फाटकापर्यंत गेले नाही. तेच शेवटचं.

तेराव्याला महाराजांकडची माणसं आली होती. एकानं उठून दिगूविषयी चार शब्द सांगितले आणि त्या चार शब्दांत तेच आलं, घरच्यांनी सोडलेला माणूस. आमच्याच अंगणात, आमचंच जेवण जेवून. मी उठायला लागले. शेजारी सुमन होती, तिनं माझा पदर धरला. ती माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, आणि रागानंच विचारलं, "तुले तं सगळं माहीत होतं. सहा वर्षांत तू एकदाही बोलली नाहीस?" सुमन चुलीपुढं बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "अक्का, ते तुमच्याबद्दल बोलत नव्हते. माह्याबद्दल बोलत होते." मला कळेना. ती म्हणाली, "अकरा महिन्यात मी चारडाव आली. चारच. ते मोजत होते. गावी आल्यावर पहिल्या दिवशी मले म्हनले, माह्याजवळ कोणी नव्हतं. मंग माइकवर म्हनले. दर सभेत म्हनले आन मी समोर बसून आयकलं. बोलली असती तं लोक मलेच इचारतीन ना, तू कुठं होतीस?" मग, अगदी साध्या आवाजात, "तुमीच म्हनल्या होत्या, घर पाह्य."

हो, तो शब्द माझाच होता. हे सगळं मी अजून पुरतं पचवू शकलेले नाही. त्याला खाटेजवळ जिची वाट होती ती सुमन होती. मी दर दोन तासांनी त्याला वळवत होते आणि त्याच्या लेखी ती खोली रिकामी होती. हे आधी कळलं असतं तर राग कमी झाला असता की वाढला असता, सांगता येत नाही. आणि ज्या बाईनं अंध सासरा, दोन पोरी आणि अख्खा मळा एकटीनं जगवला, तिला त्यानं सहा वर्षं हजार माणसांत शिक्षा केली, तीही देवाचं नाव घेऊन. त्या दुपारी आम्ही दोघी चुलीपुढं किती वेळ बसलो कोण जाणे. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं, मी जेवले.

गेल्या आठवड्यात महाराजांकडचा एक सेवेकरी माझ्या घरी आला. चाळिशीचा, बोलायला नम्र माणूस. दिगंबरभाऊंच्या अनुभवाची छोटी पुस्तिका काढतो आहोत म्हणाला, त्या काळातला एखादा फोटो हवा, सुमनताईंनी तुमच्याकडं पाठवलं. त्या काळातला एकच फोटो आहे. मंजू बाळाला घेऊन पहिल्यांदा घरी आली होती, त्याच दिवशी दिगू उभा राहिला आणि तिनं तो काढला, नंतर कागदावर करून आणला. मी कपाटातून काढून त्याच्या हातात दिला. फोटोत दिगू उभा आहे, पायांत वाक, अंगावर माझ्या यजमानांचा सदरा. मी फोटोत नाही, कडेला कापली गेले आहे. फक्त माझा हात आलाय, त्याच्या काखेखाली, बांगडीसकट. सेवेकऱ्यानं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "हा हात काढून टाकता येईल, ताई. आजकाल मोबाइलवरच होते."

मी म्हटलं, "हात काढला तर तो पडेल."

"फोटोत कसा पडंल?" तो हसून म्हणाला. मी फोटो त्याच्या हातातून परत घेतला, चहा दिला, आणि दुसरा फोटो नाही असं सांगितलं. तो गेल्यावर मी बराच वेळ फोटो घेऊन खिडकीत बसले. दिगू त्यात मंजूकडं पाहत नाही, भिंतीवरच्या तसबिरीकडंही नाही. मान वाकडी करून तो बाजूला, फोटोच्या बाहेर, मी जिथं उभी होते तिथं पाहतोय. डोळे भेदरलेले, तोंड उघडं. तेव्हा तो काय म्हणत होता ते मला शब्दनशब्द आठवतं.

"घट्ट धर, अक्का... घट्ट धर."